नाशिकमधला रशियन क्लास: मॅडम एक नंबर, नोट्सची मात्र बोंब

क्लासचं नाव लिहीत नाहीये, तक्रारी बऱ्याच आहेत आणि मॅडमशी माझं काही वाकडं नाही. ज्यांना जायचंय त्यांनी मेसेज करा, सांगतो.

मी पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाऊसच्या ऑफिसात आहे, द्राक्ष एक्सपोर्ट. रशियात माल जातो आपला, आणि तिकडच्या पार्टीशी बोलायचं म्हणजे इंग्रजी चालतं पण अर्धवटच, मग ट्रान्सलेटर ॲप. गेल्या सीझनला पेमेंट अडकलं होतं म्हणून मी ॲपमधून टाकलं, "या खचू द्येन्गी झाव्त्रा", म्हणजे मला उद्या पैसे हवेत. तिकडून दोन दिवस काही नाही, मग एक कोरडा मेसेज आला की अकाउंट्सवाल्यांशी बोला. आधी हाच माणूस रोज द्राक्षाच्या घडाचे फोटो मागवायचा. आमचे शेठ म्हणाले अरे तू काय लिहिलंस त्याला? मला काय माहीत मी काय लिहिलं! तेव्हाच ठरवलं की पुढच्या सीझनच्या आत निदान नीट मागता आलं पाहिजे.

तर हा क्लास. शनिवार-रविवार सकाळी ८ ते १०, ऑक्टोबर ते डिसेंबर, फी ७,५०० रुपये. बेसिक झालेल्यांसाठी हा वेगळा कोर्स आहे, "विशेस अँड फीलिंग्ज" असं बॅनरवर लिहिलंय, इच्छा कशी सांगायची, आवडनिवड, राग, भीती, कंटाळा, शुभेच्छा, एवढंच. मला वाटलं तीन महिने यात काय शिकवणार. अहो तीन महिने कमी पडले.

पहिला रविवार. नोट्सचं पहिलं पान इंग्रजीत. "डेटिव्ह सब्जेक्ट विथ इम्पर्सनल रिफ्लेक्सिव्ह व्हर्ब इन थर्ड पर्सन सिंग्युलर". बॅचमधली रशियात एमबीबीएसला जाणारी पोरं एकमेकांकडे बघायला लागली, मी माझ्या चपलेकडे. मॅडमनी फळ्यावर लिहिलं "म्न्ये खोचित्सा चायू" आणि सांगितलं की हे म्हणजे "आय फील लाइक हॅविंग टी", पण यात 'आय' सब्जेक्ट नाहीये, तो डेटिव्हमध्ये गेलाय, लक्षात ठेवा, हे अवघड आहे, परदेशी लोकांना सहा महिने लागतात.

आणि माझ्या शेजारी बसलेले काका हळूच म्हणाले, "अरे हे तर मला चहा प्यावासा वाटतोय."

बस. तिथे माझा दिवा पेटला. म्न्ये म्हणजे मला. खोचित्सा म्हणजे वाटतंय, हवंसं वाटतंय. 'मी' कुठे आहे यात? आपल्याकडे पण नाहीच की! मला वाटतं, मला आवडतं, मला थंडी वाजते, मला कंटाळा आला, मला झोप येते, मराठी माणूस दिवसभर 'मला' 'मला' करत असतो आणि मनातल्या गोष्टीत 'मी' फार थोडा आणतो. रशियन माणूस पण तसाच. शाळेत घोकलेलं स ला ते, स ला ना ते आठवतंय ना, ती चतुर्थी, तोच हा डेटिव्ह. रशियनमध्ये तिचं नाव दात्येल्नी, 'देणे' वरून, आणि ते दात्य आणि आपलं संस्कृत दा एकाच मुळाचे. मग हे इंग्रजीतून वळसा घालून कशाला शिकायचं? पिंपळगावहून नाशिकला यायला कोणी पुणेमार्गे येतं का?

माझी मुख्य तक्रार हीच, आणि बाकी सगळं तिच्या पुढेमागे. बॅचमध्ये २७ जण (सांगताना १२ सांगितले होते), त्यातले निदान वीस मराठी, मॅडम स्वतः मराठी, ब्रेकमध्ये सगळं मराठीत, आणि ग्रामर आलं की इंग्रजी.

काकांबद्दल थोडं सांगतो कारण निम्मा क्लास मी त्यांच्याकडूनच शिकलो. ओझरचे, एचएएलमधून रिटायर. ओझरचा विमान कारखाना १९६४ ला रशियन मिगसाठी उभा राहिला, पुढे सुखोई, त्यामुळे तिथल्या जुन्या लोकांच्या कानावरून रशियन गेलेलं असतं. काकांना ग्रामर शून्य पण शब्द सुटे सुटे भरपूर, खराशो (छान), दवाय (चल), पाना-हातोडीची नावं. ओझर माझ्या वाटेवरच, म्हणून मी त्यांना हायवेवरून गाडीत घ्यायचो. कोणी शिंकलं की ते "बूत्ये झ्दरोवी" म्हणायचे, म्हणजे तब्येतीने ठणठणीत राहा, आणि डिसेंबरच्या थंडीत आमच्या गाडीत हे फार वेळा झालं.

तर 'मला हवं' याचे रशियनमध्ये तीन दरवाजे आहेत आणि यावर मॅडमनी चार सेशन घालवले, ते चारही पैसे वसूल.

पहिला "या खचू". हा सरळ 'मी' वाला आहे, आणि आपण मराठी लोक इथेच आपटतो, कारण डोक्यात 'मला हवंय' असतं म्हणून तोंडातून "म्न्ये खचू" निघतं. बॅचमधल्या प्रत्येकाने निदान एकदा म्हटलंय, मी पाच वेळा. ते चूक. खचू बरोबर या, खोचित्सा बरोबर म्न्ये. शिवाय हे क्रियापद स्वतःच वाकडं आहे, खचू, खोचिश, खोचित, आणि अनेकवचनात गेलं की एकदम घरच बदलतं, खतीम, खतीत्ये, खत्यात. मॅडमनी हे टाळ्या वाजवून पाठ करून घेतलं, आमच्या वयाला शोभत नव्हतं पण झालं पाठ.

दुसरा "म्न्ये नूझन", मला पाहिजे, गरज आहे म्हणून. आता हे बघा. गाडी हवी असेल तर नुझ्ना, पत्र हवं असेल तर नूझ्ना, पासपोर्ट हवा असेल तर नूझन, पैसे हवे असतील तर नुझ्नी. म्हणजे आपलं हवा, हवी, हवं, हवे! जी वस्तू हवी तिच्या लिंगाप्रमाणे शब्द बदलतो, ज्याला हवी त्याच्याप्रमाणे नाही. आणि लिंगं पण तीन, आपल्यासारखीच, नपुंसकलिंगासकट. बॅचमधल्या एका हिंदीवाल्या मुलीला नपुंसकलिंगच कळेना, तिच्या भाषेत नाहीच ते, आणि आम्हाला काही वाटलंच नाही. इंग्रजी नोट्समध्ये यावर दीड पान आहे, मराठीत एक ओळ पुरली असती.

इथेच नोट्सची दुसरी बोंब. नुझ्ना (गाडी हवी) आणि नूझ्ना (पत्र हवं), बोलताना यांच्यात फरक फक्त जोर कुठे द्यायचा एवढाच, पहिल्यात शेवटी, दुसऱ्यात सुरुवातीला. तो जोर अक्षरावर छोटी तिरकी रेघ देऊन दाखवतात. आमच्या नोट्स झेरॉक्सच्या झेरॉक्स, रेघा गायब. काही ठिकाणी शाईचा ठिपका पडलाय तो पण जोर समजून मी दोन आठवडे चुकीचं म्हणत होतो. साडेसात हजार घेता, एक स्वच्छ प्रिंट द्या की राव! रशियनमध्ये जोर चुकला की स्वर पण बदलतो, लिहिताना ओ असतो आणि जोर नसेल तर म्हणायचा अ, म्हणून तर लिहितात खोचू आणि म्हणतात खचू.

तिसरा दरवाजा खोचित्सा. यात सगळी मजा. खचू म्हणजे ठरवून हवंय, खोचित्सा म्हणजे आतून वाटतंय, माझा इलाज नाही. मिसळ खायचीय आणि मिसळ खावीशी वाटतेय यात जो फरक तोच. फक्त एक, आपलं 'खावीशी' मिसळीप्रमाणे वळतं, लाडू असेल तर खावासा होतं, रशियन खोचित्सा कशानेच वळत नाही, भूतकाळात पण नपुंसकलिंगी एकवचनीच, खत्येलस, आपल्या "मला वाटलं" सारखं. आणि त्यातला शेवटचा 'त्सा' म्हणजे आपला चाकातला च, चमच्यातला च. तो मराठी माणसाला फुकट मिळालाय. मधला चि मात्र चहातला च. एका शब्दात दोन्ही च, आपल्याशिवाय कोणाला जमणार सांगा.

मग मॅडमनी असंच अजून काढलं, "म्न्ये न्ये स्पीत्सा", झोप लागत नाहीये. "म्न्ये न्ये रबोतयित्सा", काम करायला बसलोय पण होत नाहीये. इंग्रजीत याचं भाषांतर करताना मॅडमचीच धांदल उडाली, "आय कॅनॉट, समहाऊ, द वर्क इज नॉट गोइंग," असं काहीतरी. मी हात वर करून म्हटलं मॅडम, हे आपलं करवत नाही. मला चालवत नाही, जेववत नाही, बघवत नाही. शक्ती असेल नसेल, मन होत नाही, अंगच उचलत नाही, दोष ना माझा ना कामाचा. मॅडम दोन सेकंद थांबल्या, मग हसल्या आणि फळ्यावर मराठीत लिहिलं. अख्ख्या तीन महिन्यांत मराठी फळ्यावर आलेला हा एकच दिवस. बरोबर तंतोतंत जुळत नाही म्हणाल्या, मराठीत त्यात 'शक्य नाही' जास्त आहे आणि रशियनमध्ये 'मूड नाही' जास्त, ते मान्य, पण रस्ता तोच.

भावनांचा भाग निम्मा चांगला निम्मा वैताग. चांगला म्हणजे "म्न्ये खोलदना", मला थंडी वाजतेय, "म्न्ये स्कूश्ना", मला कंटाळा आलाय, "म्न्ये ग्रूस्ना", मला वाईट वाटतंय. एका पोराने इंग्रजीवरून उचलून "या खलोद्नी" म्हटलं, म्हणजे मी थंड आहे, हात लावून बघा अशा अर्थाने, किंवा मग माणूसच थंड. मॅडम म्हणाल्या रशियात डॉक्टर होऊन असं म्हणालास तर पेशंट घाबरेल. आणि स्कूश्ना लिहिताना मधे च आहे पण म्हणताना श. त्याच्याच कुळातलं "स्कुचायू" म्हणजे मात्र आठवण येतेय, "या स्कुचायू पा दोमु", मला घरची आठवण येते. एमबीबीएसवाल्यांनी हे सगळ्यात आधी पाठ केलं, काय समजायचं ते समजा.

वैताग म्हणजे कोणत्या भावनेला कोणती विभक्ती याची यादी. चाळीस क्रियापदं, एका पानावर, नुसती रट्टा मारा. मी घरी बसून बायकोच्या किराणा वहीत त्याला मराठी जोडलं आणि निम्मी यादी आपोआप बसली. "बयूस सबाक", कुत्र्यांची भीती, षष्ठी तिकडे षष्ठी इकडे. "सिर्झूस न तिब्या", तुझ्यावर रागावलोय, तो न म्हणजे वर, राग दोन्हीकडे वरच निघतो. आशा, भरवसा पण तिकडे वरच ठेवतात. जिथे जुळत नाही तेवढंच मग पाठ करायचं, उदाहरणार्थ अभिमान आपल्याकडे कशाचा असतो आणि त्यांच्याकडे तृतीयेत जातो, हेवा आपण कोणाचा करतो आणि ते कोणाला करतात. हे पान मी ग्रुपवर टाकलं, सतरा जणांनी थँक्यू पाठवलं, क्लासच्या ऑफिसमधून मेसेज आला की ग्रुपवर क्लासशिवाय इतर मटेरियल टाकू नये. असो.

आवडण्याचं पण तसंच, "म्न्ये न्रावित्सा" म्हणजे मला आवडतं, आवडणारी वस्तू कर्ता, मला चतुर्थी, डिट्टो मराठी. फक्त माझा धंदाच नडला. द्राक्षं आवडली हे मी "पन्रावीलिस" म्हणायचो, अनेकवचनात, कारण द्राक्षं. पण रशियन विनग्रात हा शब्द एकवचनी पुल्लिंगी, अख्खी पेटी भरलेली असली तरी एकच, आपण कसं तांदूळ महागला म्हणतो. म्हणून "पन्रावील्सा". तीन महिने द्राक्ष विकणारा माणूस द्राक्षावरच चुकत होता. (शेवटी द लिहितात आणि त म्हणतात, हे पण मॅडमनीच पकडलं. मॅडमचा कान जबरदस्त आहे, शेवटच्या बाकावर कोणी चुकीचं पुटपुटलं तरी मान वर होते. उच्चार देवनागरीत लिहू नका असं त्या रोज सांगायच्या, कारण त्यांचा एक ई असा आहे जो आपल्याकडे नाहीच, जीभ मागे ओढून काढायचा. बरोबर आहे त्यांचं. मी तरी चोरून लिहायचो.)

शुभेच्छांना एकच सेशन दिला, तो पण अर्धा तास उशिरा सुरू, कारण आधी नवीन बॅचचा डेमो. घाईघाईत सांगितलं की इच्छितो हे क्रियापद, झिलायू, बोललं नाही तरी चालतं पण त्याची षष्ठी मागे राहते, म्हणून शुभ रात्री "स्पकोयनय नोची" आणि जेवायच्या आधी "प्रियात्नवा अपितीता", हे सगळं षष्ठीत, प्रियात्नवा मधे तर लिहिताना ग आणि म्हणताना व. आणि वाढदिवसाला मात्र षष्ठी नाही, तिथे "स द्न्योम रझ्द्येनिया", तृतीया, कारण तिथे गाळलेलं क्रियापद 'अभिनंदन करतो' हे आहे. मला हे आवडलं, म्हणजे शब्द गेला तरी त्याची सावली मागे राहते. यावर अजून एक तास हवा होता. "पूस्त" तर पाच मिनिटांत उरकलं, खरं तर ते आपलं 'दे' आहे, येऊ दे त्याला, असू दे, सोडण्यावरूनच आलेला शब्द.

शेवटच्या दोन आठवड्यांत श्तोबी आणि बी, 'असं व्हावं' या सुराचे छोटे शब्द. तुम्ही यावं असं मला वाटतं, यात रशियन माणूस 'यावं' च्या जागी भूतकाळ टाकतो, श्तोबी लावून, "या खचू, श्तोबी वी प्रियेखली". क्लासमध्ये गोंधळ, भविष्यातलं मागणं आणि भूतकाळ कसा? मॅडम म्हणाल्या नियम आहे, लिहून घ्या. परतताना आडगावच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, आभाळ भरून आलं होतं, डिसेंबरात, छाटणी होऊन बागा ऐन फुलोऱ्यातून मण्यावर आलेल्या, ज्यांच्या बागा आहेत त्यांना माहितीये तेव्हा पोटात काय होतं. मी आपोआप म्हणालो, "पाऊस नाही आला म्हणजे मिळवलं." काका म्हणाले, "आला? अजून यायचाय ना तो?" आणि दोघांना एकदम कळलं. आपण पण तेच करतो की! पाऊस यायचाय पुढे, भीती आहे पुढची, आणि तोंडात 'नाही आला'. तू आलास तर बरं होईल, इथे पण आलास भूतकाळातच. काकांनी मॅडमना फोनच लावला स्पीकरवर, विचारलं पाऊस नको यायला हे कसं म्हणायचं, त्यांनी सांगितलं, "लीश बी दझ्द्या न्येबिला". ओझरपर्यंत आम्ही तेच म्हणत होतो. रात्री पडलाच थोडा, पण पिंपळगावला नाही, दिंडोरी बाजूला.

बाकीचं पटापट. पार्किंग नाही, बाईक लावा, कार आणली तर दोन गल्ल्या सोडून. एसी आहे पण रिमोट ऑफिसातल्या ताईंकडे. चुकलेल्या सेशनचं रेकॉर्डिंग देणार म्हणाले होते, तीन वेळा मागितल्यावर एक आलं, त्यात निम्मा वेळ पंख्याचा आवाज. ऐकायला खरा रशियन माणूस कोणी नाही, मॅडमचाच आवाज, चांगला आहे पण एकाच आवाजाची सवय लागते, फोनवर पार्टी बोलली की परत काही कळत नाही. सर्टिफिकेटवर माझ्या आडनावाची वेलांटी चुकली, बदलून मिळालं. रेटिंग पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन मॅडमचे.

आता खरा हिशोब. या सीझनला, फेब्रुवारीत, परत तीच पार्टी, परत पेमेंट लेट. या वेळी मी ॲप उघडलं नाही. लिहिलं, "खत्येलस बी पलुचीत्य अप्लातु दा प्यात्नित्सी". खोचित्साचाच भूतकाळ आणि वर बी. शुक्रवारपर्यंत पेमेंट मिळालं तर बरं होईल, असा सूर. 'मी' नाही, 'हवेत' नाही, कोणालातरी असं वाटतंय बुवा. वीस मिनिटांत उत्तर आलं, आधी सॉरी, मग विचारलं की तुमच्याकडे नवीन माणूस आलाय का, रशियन छान लिहितो. शेठना दाखवलं. पेमेंट शुक्रवारी नाही आलं, सोमवारी आलं, पण आलं.

नवीन बॅच जूनमध्ये आहे, फी ८,००० केलीये. नोट्स नवीन छापणार म्हणे, बघून मगच पैसे भरा. काका परत त्याच कोर्सला बसतायत. मी म्हटलं काका, सगळं येतं की तुम्हाला आता, परत काय करणार तिथे? तर म्हणाले, "म्न्ये दोमा न्ये सिदीत्सा." घरी बसवत नाही.